लहान मुलांसह कुटुंबांसाठी योग्य

३ ऑक्टोबर

गोगलगायीस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र दोन दिवस तसंच पडू देशील, हे मला माहीत आहे. पडू दे. शिळं झालं म्हणून मजकूर बदलणार नाही.

तुझ्या मावशीकडून कळलं की माझी नात परवा सात वर्षांची झाली. मावशीने फोटो दाखवला, तोही हात लांब धरून, जणू मी हिसकावून पळणार होतो. नाक आपल्या घरचं आहे. बाकी सगळं जावईबापूंवर गेलंय, त्याला इलाज नाही. सात वर्षं झाली आणि मी तिला एकदाही प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. मला तिला बघायचंय. सरळ लिहितो, कारण आडून लिहिलं तरी तू ते वाकडंच वाचणार.

म्हणून एक बेत आखलाय. वन उद्यानात सगळ्यांनी मिळून एक सकाळ चालायचं. पहिल्या फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत, दोन किलोमीटर तीनशे मीटर. चढ नावापुरता. चार बाकं, दोन ठिकाणी पिण्याचं पाणी, एक घळ, तिच्यावर आता कठड्याचा पूल. अंतर अंदाजाने ठोकून देत नाही, या हातांनी मोजचाक ढकलत मोजलंय. बावीस वर्षं मी त्या उद्यानातल्या वाटा मोजल्या आणि कोणती सोपी, कोणती अवघड ते ठरवलं. पाटीवर अजून माझंच वाक्य आहे: ‘सोपी. लहान मुलांसह कुटुंबांसाठी योग्य.’

तयारी सांगतो, लिहून ठेव, नाहीतर ऐनवेळी गोंधळ घालशील. पोरीला नवे बूट घालू नकोस, चावतात. टोपी हवी. पाण्याच्या दोन बाटल्या, त्यातली एक जावईबापूंनी उचलायची, म्हणजे त्यांच्या पोटाला थोडा व्यायाम. बिस्किटं आण, चॉकलेट नको. आणि सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे, हा मुलांबरोबर चालायचा नियम. तुझ्या लहानपणी तो पाळला असता तर तुझ्यामागे आम्ही सगळे वाटेतच म्हातारे झालो असतो.

रविवार कोणताही चालेल. जुनं काही उकरायचं नाही, एवढी एकच अट.

बाबा

१४ ऑक्टोबर

तुझं उत्तर मिळालं. सबंध पानावर एक ओळ, तीही तुझ्या रक्त तपासायच्या प्रयोगशाळेच्या छापील कागदावर. वर रुग्णाचं नाव, वय, नमुना घेतल्याची वेळ, सगळे रकाने कोरे. बापाला नऊ वर्षांनी लिहायला घरात साधा कागद नव्हता?

आणि ओळ कोणती, तर ‘मी घळीत पडले तेव्हा तुम्ही झाडामागून बाहेर का आला नाहीत, ते लिहून पाठवा, मग आम्ही येऊ.’

म्हणजे मी एक अट घातली, तर तू नेमकी तीच मोडून स्वतःची अट घातलीस. हट्ट आईचा, तोंड माझं. छान जमलंय.

अगं, चौतीस वर्षं झाली त्याला. आणि त्यात लपवण्यासारखं आहे काय? सगळ्या नात्यागोत्याला पाठ आहे ती गोष्ट. सोमवार होता, उद्यान बंद. तुझ्या शाळेला सुट्टी. नव्या वाटेची श्रेणी ठरवायची होती. नियम असा की लहान मूल कोणाच्या मदतीशिवाय चालून जाऊ शकेल तीच वाट सोपी. म्हणून मी तुला पहिल्या फाटकातून आत सोडलं, म्हटलं चालत ये, आणि तुला दिसणार नाही असा झाडांच्या आडून मागोमाग राहिलो. तू निम्म्या वाटेत घळीपाशी रडत बसलीस आणि मग पाय घसरून पडलीस. मी लगेच आलो नाही, कारण मला बघायचं होतं की तू आपली आपण वर येतेस का. मुलं अशीच घट्ट होतात. माझ्या बापाने मला विहिरीत ढकलून पोहायला शिकवलं, मी काही त्याला चौतीस वर्षांनी जाब विचारला नाही.

उजवं मनगट मोडलं, ते वाकडं जुळलं, हे वाईट झालं. पण डाव्या हाताने तू असं रक्त काढतेस म्हणे की माणसाला सुई टोचलेली कळत नाही. मावशीच सांगत होती. मग नुकसान काय झालं ते मला सांग.

आईला शेवटचं पोचवून आलो त्या दिवशी भरल्या घरात तू हाच प्रश्न विचारलास. मी म्हटलं, ‘त्या वाकड्या हाताचं भांडवल आता पुरे कर.’ चारचौघांत म्हणायला नको होतं, हे मान्य. पण चारचौघांत विचारायलाही नको होतं. त्यावर तू चप्पल घातलीस ती आजतागायत.

तर बेत कायम आहे. नोव्हेंबरचा पहिला रविवार कसा वाटतो? तेव्हा हवा बरी असते.

बाबा

२२ ऑक्टोबर

माझंच पत्र तू मला परत पाठवलंस, मास्तरांनी तपासलेल्या वहीसारखं. खाली लाल शाईने तीच ओळ. वर ‘विहिरीत ढकलून’ या शब्दांखाली एक रेघ. त्या रेघेचा अर्थ मला कळला नाही आणि मी तो विचारणारही नाही.

काल मी वाटेवर जाऊन आलो. तुम्ही येण्याआधी सगळं नजरेखालून घालावं म्हटलं. तिकीट खिडकीवरच्या बाईने मला ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं तिकीट दिलं. मी सांगितलं की ही वाट मी आखली आहे. ती म्हणाली, ‘हो का? मग चष्मा लावून जा हं आजोबा.’ नाकाला मिरच्या झोंबल्या, पण तिकीट घेतलं.

पहिलं बाक चारशे मीटरवर. त्याची एक फळी सैल आहे, पोरीला बसवू नकोस. दुसरं आठशेवर, सावलीत, तिथे बिस्किटं. घळ चौदाशे पन्नासवर. पूल पक्का आहे, कठडा तिच्या खांद्याच्या वर येईल. मी पुलावर उभा राहून खाली पाहिलं. फार खोल नाही ती. माणसाच्या दीड उंचीची असेल. आपल्या घरात जे वर्णन होतं त्यावरून कोणाला वाटेल की दरीच होती. राईचा पर्वत करण्यात तुझ्या आईचा हात कोणी धरला नसता.

मला वाटेत तीनदा बसावं लागलं. तीनच, चौथं बाक मी रिकामं सोडलं.

जुन्या कचेरीत शिपाई ओळखीचा निघाला. त्याने कपाटातून त्या वाटेचा मूळ तक्ता काढून दिला. माझंच अक्षर, निळी शाई. शेवटचा रकाना आहे: ‘वाट कोणी चालून पाहिली’. त्यात मी लिहिलंय, ‘मुलगी, वय सात, एकटी, विनामदत. वेळ पंचेचाळीस मिनिटे.’ मी तो तक्ता दोनदा वाचला आणि परत दिला. शिपाई म्हणाला, ‘साहेब, अजून ही वाट सगळ्यात जास्त चालते. आया बाबागाडी घेऊन येतात.’

आता तू म्हणशील, पंचेचाळीस मिनिटं कुठून आली, मी तर घळीत होते. तक्त्यात काहीतरी लिहावंच लागतं. रकाना कोरा ठेवला की साहेब तक्ता परत पाठवत. तू तुझ्या प्रयोगशाळेत कोरे रकाने पाठवतेस का? मला पाठवलेस, ती गोष्ट वेगळी.

तुझ्या प्रश्नावर मी विचार करतोय. घाई करू नकोस.

बाबा

२९ ऑक्टोबर

बरं. घे.

मी झाडामागे उभा होतो. तू पडलीस ते मला दिसलं. तू ओरडलीस तेही ऐकलं. मी बाहेर आलो नाही कारण मला वाटलं की आलो तर तू जन्मभर कोणाच्या तरी येण्याची वाट बघत बसशील. हा माझा मूर्खपणा होता. सात वर्षांच्या लेकराला तसं पडलेलं बघत राहणारा बाप कसला बाप. मी चुकलो. माझ्या चुकीमुळे तुझा हात वाकडा झाला आणि त्यावर मी नऊ वर्षांपूर्वी सगळ्यांसमोर तुला लागेल असं बोललो. त्याबद्दलही चुकलो.

हे लिहायला मला तीन दिवस लागले आणि आठ कागद फाडले. तुला हवं होतं ते मिळालं असेल तर रविवारी सकाळी आठला पहिल्या फाटकावर या. उशीर केलात तर ऊन होईल आणि पोरगी किरकिर करेल.

फाटकाबाहेर गाडी लावायला जागा आहे. डावीकडे लाव, उजवीकडे चिखल असतो.

बाबा

१ नोव्हेंबर

एका ओळीचं पत्र, पण या वेळी साध्या कागदावर. ‘येतो. तिला सगळं सांगितलं आहे.’

तिला कशाला सांगायचं? पण असो. तू लगेच कळवलंस त्याने जीव भांड्यात पडला. मी पोरीसाठी एक छोटी शिट्टी घेतली आहे, वाटेवर मुलांच्या गळ्यात असावी. जावईबापूंना सांग, गुडघ्याला काही बांधायचं असेल तर घरूनच बांधून या.

बाबा

७ नोव्हेंबर

गाडीत बसताना तू म्हणालीस, ‘खरं काय ते लिहून पाठवा. त्यानंतर काहीही पाठवू नका.’ म्हणून हे.

आधी रविवारचं लिहितो, कारण ते लिहिल्याशिवाय मला पुढचं लिहिता येणार नाही.

तुझी मुलगी गाडीतून उतरून थेट माझ्यासमोर आली, मान वर करून मला नीट बघितलं आणि म्हणाली, ‘तुम्हीच का झाडामागचे आजोबा?’ मी हो म्हटलं. तिने माझं बोट धरलं. पहिल्या फाटकापासून घळीपर्यंत तिने ते सोडलं नाही, फक्त बिस्किटासाठी एकदा. तिची बडबड चालू होती, मला त्यातलं निम्मं ऐकू आलं नाही तरी मी हं हं करत होतो. मला इतकं सुख कधी झालं होतं ते आठवत नाही. जावईबापूंनी माझ्यासाठी बाकावर ठेवायला उशी आणली होती. मी त्यांच्याबद्दल जे जे लिहिलं ते त्यांना वाचून दाखवलं नसशील अशी आशा आहे.

घळीच्या पुलावर तिने विचारलं, ‘आजोबा, कोणतं झाड?’

मी वळणावरचं जाड बुंध्याचं झाड दाखवलं. त्या क्षणी डोळ्यासमोर होतं तेच दाखवलं. ती धावत त्याच्यामागे गेली. तू पुलाच्या कडेने खाली घळीत उतरलीस, डावा हात दगडांना टेकत, आणि एका जागी जाऊन उभी राहिलीस. कोणती जागा ते तुला शोधावं लागलं नाही.

तू खालून विचारलंस, ‘मी दिसते का गं?’

‘नाही आई. नुसते दगड दिसतात.’

‘जरा पुढे वाक. आता?’

‘नाही. आई, तू कुठे गेलीस?’

तिचा आवाज कापरा झाला तेव्हा जावईबापू म्हणाले, ‘दुसरं झाड असेल. इतक्या वर्षांनी कोणाच्या लक्षात राहतं?’ त्या माणसाने मला सुटायला वाट करून दिली आणि मी लगेच तिच्यावरून गेलो. म्हटलं, हो, ते पलीकडचं असेल. ती पलीकडच्या झाडामागे गेली. मग तिसऱ्या. मग चौथ्या. प्रत्येक झाडामागून तिने ओरडून सांगितलं, नाही दिसत. मी कठडा धरून उभा होतो. घळ कुठून दिसते आणि कुठून दिसत नाही, हे ती वाट मोजणाऱ्या माणसाला सांगता येत नव्हतं.

तू वर आलीस. गुडघे झाडलेस. शांतपणे म्हणालीस, ‘मी पडले तेव्हा कारखान्याचा दोनचा भोंगा वाजत होता. त्याच्या आधी कितीतरी वेळ मी फाटकाशी उभी होते. मग तुम्हाला शोधायला परत फिरले. हे तुम्ही बघितलं असेल ना?’

आणि मी म्हटलं, ‘कोणतं फाटक?’

तोंडातून शब्द गेल्यावर मला कळलं की काय झालं. तुलाही कळलं. तू माझ्याकडे बघितलंस तसं तू आईच्या शेवटच्या दिवशीही बघितलं नव्हतंस. मग तू पोरीचा हात धरलास आणि आपण चौघं दुसऱ्या फाटकापर्यंत चाललो. शिट्टी तिने गळ्यातून काढून माझ्या हातात दिली. तू सांगितलंस म्हणून की तिला वाटलं म्हणून, ते मला माहीत नाही.

म्हणजे तू वाट पूर्ण चालली होतीस. दोन किलोमीटर तीनशे मीटर, एकटी, विनामदत. चौतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की तू निम्म्यात रडत बसलीस, आणि तुला एकदाही विचारलं नाही.

आता खरं.

झाडामागे कोणी नव्हतं. मी तुला साडेदहाला आत सोडलं, फाटकाला कुलूप लावलं आणि मोटरसायकलवरून दुसऱ्या फाटकाकडे गेलो. तिथलं कुलूप काढून तुझी वेळ लिहून घ्यायची, असं ठरलं होतं. फाटकावर साहेबांची जीप उभी. ते म्हणाले, कचेरीत चल, तुझ्या बढतीचं बोलायचंय. मी कचेरीत गेलो. दोन तास बसलो. बढतीचं नक्की झालं. त्या आनंदात मी थेट घरी गेलो. गोगलगायी, मी तुला विसरलो. सोडून दिलं नाही, शिकवायला ठेवलं नाही. छत्री विसरतात तसं विसरलो.

आणि तू वाचते आहेसच तर पूर्ण वाच.

पावणेएकला मी जेवायला बसलो. तुझ्या आईने ताट वाढलं आणि विचारलं, ‘गोगलगाय कुठेय?’ तेव्हा आठवलं. त्या क्षणी उठलो असतो तर तिला कळलं असतं की पोटच्या पोरीला मी विसरून आलो. त्याच दिवशी मी मोठा माणूस झालो होतो. म्हणून मी घास घेतला आणि म्हटलं, ‘वाटेवर सोडलीय. येऊ दे एकटी. शिकेल जरा.’

ती म्हणाली, ‘उठा आधी.’ मी म्हटलं, ‘जेवू तरी दे.’ ती जसजशी ओरडायला लागली तसतसा मी आणखी सावकाश जेवायला लागलो. भात पुन्हा घेतला. दही मागितलं. तिला एकटीला जाता आलं नसतं, दोन्ही फाटकांच्या किल्ल्या माझ्या खिशात होत्या. ती चपला घालून दारात उभी राहिली आणि मी हात धुऊन आरामखुर्चीत जाऊन बसलो. घाईने निघालो असतो तर सोंग उघडं पडलं असतं.

झाडाची गोष्ट तिने रचली. तुझ्या हाताला पट्टी बांधत होते तेव्हा तू विचारलंस, बाबा कुठे होते? ती म्हणाली, ‘झाडामागे होते हो, तुझ्याकडेच बघत होते.’ तुझं रडणं थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मला ती गोष्ट बरी वाटली, मी तीच चालवली. दुसऱ्या दिवशी तक्ता भरला. गेल्या महिन्यात तुला हवं म्हणून माफीही त्याच गोष्टीची लिहिली. निर्दय बाप म्हणवून घेणं मला परवडत होतं. विसरभोळा म्हणवून घ्यायची लाज वाटत होती.

घरापासून दुसऱ्या फाटकापर्यंत मोटरसायकलने वीस मिनिटं लागतात. मी आजवर कधी ती वेळ लावून पाहिली नव्हती, कारण तू किती वाजता पडलीस ते मला माहीतच नव्हतं. मी धरून चाललो होतो की ते सकाळीच झालं असेल, मी विसरलो तेव्हाच. रविवारी तू वेळ सांगितलीस. आईने विचारलं त्या घासाला उठलो असतो तर सव्वाच्या आत फाटकावर असतो. तू तिथे उभी होतीस. दोन्ही हात धड होते.

दोनचा भोंगा आपल्या घरातही ऐकू येत असे. त्या दिवशीही आला. तुझी आई दारातून म्हणाली, ‘आता तरी उठा हो.’ मी पेपरचं पान उलटलं.